सोळा सोमवार आणि एक ‘एस्’

एका अक्षरावाचून कुणाचे अडते, असे म्हटले तर माझे प्राध्यापक हसतील. पण माझे अडले आहे. गेल्या वर्षी एका दुकानात हिशेब लिहिण्याच्या कामासाठी मी इंग्रजीत अर्ज केला. त्यात लिहिले, ‘आय ॲम फ्री ऑन सॅटर्डे’. मालकांनी त्या शनिवारी बोलावले, काम करून घेतले, पैसे हातावर ठेवले. पुढच्या शनिवारी गेलो, तर माझ्या जागी दुसराच मुलगा! मला म्हणायचे होते ‘सॅटर्डेज्’, दर शनिवारी.

चूक माझी, हे कबूल. पण ती झाली कशी? मराठीत एक सोमवार तोही ‘सोमवार’ आणि व्रताचे सोळा तेही ‘सोमवार’च. वाराचे रूप बदलत नाही. मग नेम कशावरून कळतो? क्रियापदावरून! ‘दुकान सोमवारी बंद आहे’ म्हणजे येत्या सोमवारी. ‘दुकान सोमवारी बंद असते’ म्हणजे दर सोमवारी. इंग्रजीत ‘आहे’ आणि ‘असते’ या दोहोंना एकच ‘इज्’. साहजिकच तेथे नेमाचा भार बहुधा वारावर पडतो. ‘ऑन मंडे’ म्हणजे एक सोमवार, ‘ऑन मंडेज्’ म्हणजे नेमाचे सोमवार. ‘एव्हरी’ आले की मात्र ‘मंडे’ पुन्हा एकवचनी, कारण तेथे सोमवार एकेक करून धरायचा असतो.

इंग्रज माणूसही कधीकधी ‘ऑन मंडे’ म्हणून दर सोमवार सुचवतो, हे खरे. संदर्भ स्पष्ट असला की ते चालून जाते. पण अनोळखी माणसाला लिहिलेल्या अर्जात संदर्भ कुठून आणायचा?

शाळेत या चुकीवर तांबड्या शाईने ‘अनेकवचन’ एवढाच शेरा मिळे. मी एक ‘एस्’ वाढवून मोकळा होई. अर्थ कळत नसे. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणे आपण कमीपणाचे मानतो. माझे नम्र मत असे, की ‘आहे’ आणि ‘असते’ ही जोडी पाच मिनिटे फळ्यावर मांडली असती, तर तो ‘एस्’ मला जन्मभर पुरला असता. जे आईच्या बोलण्यातून आधीच येते, त्याच्या शेजारी नवे ठेवले की ते लवकर रुजते.

परवा दुसरीकडे अर्ज केला आहे. ‘ऑन सॅटर्डेज्’ असे लिहून त्या ‘एस्’वर दोनदा पेन फिरवले. उत्तराची वाट पाहतो आहे.