विश्लेषण : आठवड्याचा मेनू नको, साचा हवा! रात्रीच्या जेवणाचे बजेट नेमके कुठे फसते?

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. फ्रीजमध्ये अर्धा कोबी, काळी पडत चाललेली कोथिंबीर आणि तीन दिवसांपूर्वी आणलेली, आता मऊ पडलेली वांगी. डब्यात मटकी आहे, पण ती सकाळी भिजत घालायला हवी होती. ऑफिसमधून आलेली व्यक्ती थकलेली, मुले भुकेली. मग कोणीतरी मोबाइल उचलते आणि 500-600 रुपयांची ऑर्डर जाते. महिन्यातून हे चार-पाच वेळा घडते आणि महिनाअखेरीस खापर फुटते ते ‘भाज्या किती महागल्या’ यावर.

भाज्या महागतात हे खरेच. पण घरखर्चाचे गणित फक्त भावामुळे बिघडत नाही. ‘आज काय करू?’ हा प्रश्न रोज संध्याकाळी नव्याने सोडवला जातो, हे त्याचे मोठे कारण आहे. त्यावर सगळीकडे एकच सल्ला दिला जातो : सात दिवसांचा मेनू लिहून फ्रीजवर चिकटवा. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कसा, ते पाहू.

घरखर्चात जेवणाचा वाटा किती?

केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्चापैकी सुमारे 47 टक्के आणि शहरी भागात सुमारे 40 टक्के रक्कम खाण्यापिण्यावर जाते. म्हणजे शहरातही 100 पैकी 40 रुपये ताटात.

याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट दिसते. खाद्यखर्चात सर्वांत मोठा वाटा धान्याचा, डाळीचा किंवा भाजीचा नाही. तो पेये, प्रक्रिया केलेले पदार्थ आणि बाहेरून विकत घेतलेले तयार जेवण या गटाचा आहे. शहरांत एकूण खर्चापैकी सुमारे 11 टक्के या एका गटावर जातात, तर भाज्यांवर सुमारे 4 टक्के. बचत करायची म्हणून भाजीवाल्या मावशींशी जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस होते, पण मोठी गळती दुसरीकडेच असते.

मग भाज्यांचे भाव दुय्यम आहेत का?

नाही. पण भाज्यांच्या बाबतीत खरी अडचण आहे ती चढउताराची. अधिकृत आकडेवारीनुसार ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्यांची महागाई वर्षभरापूर्वीच्या तुलनेत 42.18 टक्के होती. बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर 2025 मध्ये, ती उणे 27.57 टक्के झाली. याचा अर्थ, ऑक्टोबर 2023 मध्ये 100 रुपयांना मिळणारी भाजी 2024 मध्ये 142 रुपयांवर गेली आणि 2025 मध्ये 103 रुपयांच्या आसपास परत आली.

दोन वर्षांचा हिशेब मांडला तर वाढ जेमतेम तीन टक्के. पण मधल्या काळात ज्यांनी ठरलेलीच भाजी ठरलेल्याच दिवशी केली, त्यांच्या खिशाला मोठी चाट बसली. ‘क्रिसिल’च्या दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या थाळीच्या अंदाजातही हेच दिसते. ऑक्टोबर 2024 मध्ये घरी बनवलेल्या शाकाहारी थाळीचा खर्च 33.3 रुपये होता, ऑक्टोबर 2025 मध्ये तो 27.8 रुपये झाला. ताटामागे साडेपाच रुपये म्हणजे चौघांच्या घरात फक्त रात्रीच्या जेवणावर महिन्याला 660 रुपयांचा फरक.

सात दिवसांचा पक्का मेनू इथेच फसतो. बुधवारी टोमॅटोचे सार असे लिहून ठेवले आणि टोमॅटोचे भाव जुलै 2023 सारखे भडकले, तर यादी पाळायची की खिसा? तेव्हा अनेक शहरांत किलोला दीडशे-दोनशे रुपये मोजावे लागत होते. बहुतेक घरे अशा वेळी यादीच सोडून देतात आणि पुन्हा संध्याकाळचे सात वाजतात.

‘साचा’ म्हणजे काय?

पदार्थ ठरवण्याऐवजी प्रकार ठरवायचा आणि भाजीची जागा मोकळी ठेवायची. त्या जागेसाठी रक्कम मात्र पक्की. भाजी कोणती, हे बाजारात गेल्यावर ठरेल. चार जणांच्या घरासाठी एक नमुना असा :

सोमवार – डाळ : चिंच-गुळाची आमटी, डाळकांदा किंवा डाळ-पालक. तूरडाळ 150 ग्रॅम, 20 रुपये.
मंगळवार – उसळ : मटकी, चवळी किंवा अख्खा मसूर. 200 ग्रॅम, 24 रुपये.
बुधवार – बेसन : पिठले किंवा झुणका, सोबत भाकरी. 200 ग्रॅम, 20 रुपये.
गुरुवार – एका कुकरचे जेवण : मुगाची खिचडी आणि कढी. डाळ आणि दही मिळून 38 रुपये.
शुक्रवार – अंडी : सहा अंड्यांचा रस्सा, 42 रुपये. अंडी न खाणाऱ्या घरांत छोले किंवा राजमा.
शनिवार – उरलेसुरले : भाजणीचे थालीपीठ, त्यात आठवड्याच्या उरलेल्या भाज्या. भाजणी 400 ग्रॅम, 48 रुपये.
रविवार – खास : अर्धा किलो चिकन, 120 रुपये. किंवा घरच्यांच्या आवडीचे काही.

हे झाले 312 रुपये. त्यात अडीच किलो पीठ आणि सव्वा किलो तांदूळ मिळून सुमारे 190 रुपये, तेल 55, कांदा-लसूण-मिरची-कोथिंबीर आणि मसाले 150, आणि सहा रात्रींच्या भाजीसाठी रोज 45 प्रमाणे 270. एकूण आठवड्याला सुमारे 980 रुपये, म्हणजे ताटामागे 35 रुपये. गॅस वेगळा. यातले दर उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक घराने आपल्या गल्लीतले दर टाकून हिशेब करावा. आकडे बदलतील, पण मांडणी तीच राहील.

या मांडणीतून दोन गोष्टी लगेच दिसतात. पहिली, आठवड्याच्या डाळ-अंडी-चिकनच्या खर्चापैकी एक तृतीयांशाहून जास्त रक्कम एकटा रविवार खातो. महिन्याचे गणित ताणले गेले तर हात लावायची जागा तीच. सोमवारची डाळ पातळ करण्यापेक्षा एखाद्या रविवारी चिकनऐवजी अंडी करणे बरे. दुसरी, संध्याकाळच्या थकव्यातून गेलेली 600 रुपयांची एक ऑर्डर म्हणजे या साच्यातल्या चार रात्रींची जेवणे.

भाजी महागली तर काय करायचे?

भाजीच्या जागेत 45 रुपये आहेत, हे एकदा ठरले की प्रश्न सोपा होतो. 45 रुपयांत आज काय चांगले मिळते? पावसाळ्यात भोपळा, दोडका, अळू. थंडीत मेथी, मुळा, वाटाणा, गाजर. उन्हाळ्यात पालेभाजी महागली की काकडी-कांद्याची कोशिंबीर आणि कडधान्यांना मोड.

या बाबतीत मराठी स्वयंपाकघर मुळात शहाणे आहे. आमटीला आंबटपणा चिंचेने किंवा आमसुलाने येतो, टोमॅटो लागतोच असे नाही. कढी ताकावर होते. पिठल्याला कांदा-मिरचीची फोडणी पुरते. रस्सा म्हणजे कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही हे समीकरण हॉटेलांतून घरात आले आणि त्यासोबत टोमॅटोच्या भावाचा धसकाही आला.

स्वस्त म्हणजे निकृष्ट का?

अनेक घरांत उसळ-पिठले म्हणजे ‘महिनाअखेरचे जेवण’ आणि पनीर म्हणजे ‘चांगले जेवण’ अशी वर्गवारी असते. पोषणाचा हिशेब तसे सांगत नाही. 200 ग्रॅम कोरड्या मटकीतून मिळणारी प्रथिने साधारण 200 ग्रॅम पनीरएवढीच असतात. किमतीत मात्र तिप्पट-चौपट फरक पडतो.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत 2000 कॅलरींच्या रोजच्या आहारासाठी 250 ग्रॅम तृणधान्ये, 400 ग्रॅम भाज्या आणि 85 ग्रॅम डाळी, कडधान्ये किंवा अंडी-मांस असे प्रमाण दिले आहे. तेल-तुपासाठी 27 ग्रॅम. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलो तेल पुरायला हवे. ज्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरही टिकत नाही, तिथे बचत आणि आरोग्य दोन्हींची सुरुवात कढईपासून करता येईल.

कोणाच्या ताटातून बचत होते?

घरखर्चाच्या चर्चेत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पैसे कमी पडले की भात-पोळी कमी होत नाही. डाळ पातळ होते, दूध-दही-फळे गळतात. आणि जे उरते ते सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला येते. ती व्यक्ती बहुतेक घरांत आई, बायको किंवा सून असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण ‘मला चालेल, उरलेय ते’ या वाक्याचा त्याच्याशी काहीच संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

म्हणूनच साचा ठरवताना अंडी, उसळ किंवा डाळ माणशी मोजून धरावी. चौघांसाठी सहा अंडी असतील तर त्यातली दीड तिचीही आहेत. तिने ती वाढताना मुलांच्या ताटात टाकली तर हिशेब कागदावरच राहतो. सगळे एकत्र जेवायला बसले, तर हा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

नियोजन नेमके कोणाचे काम?

‘आठवड्याचे नियोजन करा’ हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी ते नियोजन एकाच डोक्यात चालते. मटकी कधी भिजवायची, दही कधी विरजायचे, पीठ कधी दळून आणायचे, आजोबांना काय पचत नाही, मुलीला डब्यात काय नको. 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिलांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ त्यात जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच सुमारे 27 टक्के आहे. यात डोक्यात सतत चालणारी जुळवाजुळव मोजलेलीच नसते.

साचा फ्रीजवर किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेला असला की ही जुळवाजुळव वाटून घेता येते. मंगळवारी उसळ आहे हे सगळ्यांना माहीत असेल, तर सोमवारी रात्री मटकी भिजवायला कॉलेजात जाणारा मुलगाही पुरेसा आहे. बाजार करणाऱ्याला 45 रुपयांची मर्यादा माहीत असेल, तर फोन करून ‘काय आणू?’ विचारावे लागत नाही. नियोजनातून पैसे वाचले, पण त्याचा सगळा भार एकाच व्यक्तीवर राहिला, तर ती बचत तिच्या वेळेतून झाली असेच म्हणावे लागेल.

वाया जाते त्याचे काय?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात भारतीय घरांतून माणशी वर्षाला 55 किलो अन्न टाकले जाते, असा अंदाज आहे. त्यात साली-देठांसारखा न खाण्याजोगा भागही येतो. चौघांच्या घराला हा अंदाज लावला तर आठवड्याला चार किलोंहून जास्त. साच्यातला शनिवार त्यासाठीच आहे. शुक्रवारी रात्री फ्रीज उघडून पाहायचा आणि जे उरले असेल ते थालिपिठात, पराठ्यात किंवा मसालेभातात घालायचे. नवी भाजी रविवारी सकाळी.

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपचाही इथे विचार करायला हवा. एका कोथिंबिरीसाठी ॲप उघडले जाते आणि डिलिव्हरी मोफत व्हावी म्हणून चिप्स, बिस्किटे, आइस्क्रीम टोपलीत जाते. ॲप वापरू नये असे नाही. आठवड्यातून एकदा, यादी हातात घेऊन वापरले तर ते वेळ वाचवते.

पण हे सगळ्यांना शक्य आहे का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाकडे आठवड्याची रक्कम एकरकमी नसते. पावशेर डाळ आणि दहा रुपयांचे तेल घेणाऱ्याला किलोचा भाव मिळत नाही, त्यामुळे गरिबाला तेच जेवण महाग पडते. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य जानेवारी 2024 पासून पाच वर्षांसाठी मोफत आहे. त्याने पोट भरते, पण ताट पूर्ण होत नाही. डाळ, तेल, भाजी बाजारातूनच घ्यावी लागते. अशा घरांना नियोजनाचे धडे देण्यापेक्षा रेशनवर नियमित डाळ मिळणे जास्त उपयोगाचे ठरेल.

ज्यांच्या हातात महिन्याचा पगार येतो, त्यांच्यासाठी मात्र हा मार्ग खुला आहे. सुरुवात सगळे सात दिवस बसवून करण्याची गरज नाही. ऑफिस, क्लास आणि ट्रॅफिकने सर्वांत दमवणारे आठवड्यातले दोन दिवस निवडावेत आणि त्या दोन रात्रींचा प्रकार रविवारीच ठरवून ठेवावा. महिनाभरात त्या दोन रात्रींच्या ऑर्डर जरी थांबल्या, तरी डाळ घट्ट ठेवण्याइतके पैसे नक्की उरतील.