तांबे : आरोपी की साक्षीदार?

रोगाच्या जागी एखादा पदार्थ सापडला, की त्यालाच रोगाचे कारण ठरवून मोकळे होण्याची सवय जुनी आहे. मेंदूच्या आजारांच्या बाबतीत हा संशय गेली काही दशके तांब्यावर घेतला जातो. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायल्याने बुद्धी तल्लख होते, असे सांगणारे संदेश एकीकडे फिरत असतात; दुसरीकडे शरीरातले ‘विषारी धातू’ बाहेर काढून स्मृतिभ्रंश बरा करण्याची हमी देणारे उपचार विकले जातात. या गोंधळाची किंमत दोन प्रकारच्या कुटुंबांना मोजावी लागते. एकाचा रुग्ण बरा होण्यासारखा नसतो आणि त्याची शेवटची पुंजी खोट्या आशेवर खर्च होते. दुसऱ्याचा रुग्ण खरोखर तांब्यामुळे आजारी असतो, औषधाने सुधारणारा असतो. पण त्याच्या रक्तातले आणि लघवीतले तांबे कोणी तपासतच नाही.

तांबे शरीराला परके नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते आणि रोजच्या आहारातून साधारण एक ते दोन मिलिग्रॅम पुरते. पेशींना ऊर्जा मिळवून देणारी आणि मेंदूतील काही रसायने तयार करणारी विकरे तांब्याशिवाय चालत नाहीत. तांबे पेशींपर्यंत पोहोचूच न देणारा ‘मेंकीज’ नावाचा जन्मजात रोग आहे. त्यात बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणजे मेंदूला तांबे हवेच. पण ते मोजके हवे आणि योग्य जागी हवे. मोकळे सुटलेले तांबे पेशींना जाळत जाते. म्हणून शरीर त्याला सतत कोणत्या ना कोणत्या प्रथिनाच्या ताब्यात ठेवते.

अशा प्रथिनांपैकी एक म्हणजे प्रिऑन प्रथिन. ते प्रत्येकाच्या चेतापेशींवर असते आणि निरोगी अवस्थेत कोणालाही त्रास देत नाही. या प्रथिनाच्या एका टोकाला आठ अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि तांब्याचे अणू तिथे येऊन चिकटतात. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या जोडीकडे साऱ्यांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी ‘प्रिऑन’ ही संकल्पना मांडणारे अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये मांडलेली कल्पना तेव्हा अनेकांना अशक्य वाटली होती. जीवाणू नाही, विषाणू नाही, डीएनएचा मागमूस नाही. केवळ एक प्रथिन रोग पसरवते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ असते आणि तिची घडी कशी पडते यावर तिचे काम ठरते. प्रिऑन प्रथिनाची घडी चुकली, की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखीच चुकीची घडी घालायला लावते. एकाचे दोन, दोनाचे चार होत चेतापेशी मरत जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र दिसू लागतो. मेंढ्यांमधील स्क्रेपी, गाईंमधील ‘मॅड काऊ’ आणि माणसातील क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजार, म्हणजे सीजेडी, ही सारी याच घराण्यातली. सीजेडी दर वर्षी दहा लाख लोकांमागे एक किंवा दोघांना होतो. बहुतेक रुग्णांमध्ये तो आपोआप उद्भवतो. दहा-पंधरा टक्क्यांमध्ये जनुकातून येतो. काही आठवड्यांत स्मरणशक्ती ढासळते, तोल जातो, अंगाला झटके येतात आणि बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत दगावतात.

आता प्रश्न असा, की या चुकलेल्या घडीत तांब्याचा हात आहे का? संशयाला जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. सीजेडीने दगावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूतील प्रिऑन प्रथिन तपासले, तेव्हा त्यावर तांबे नेहमीपेक्षा कमी आणि मँगनीज जास्त आढळले. तांबे धरणारा तो आठ अमिनो आम्लांचा तुकडा काही घराण्यांत जनुकीय दोषामुळे जास्त वेळा येतो आणि त्या घराण्यांत प्रिऑन रोग आनुवंशिक असतो. पण पुढचे पुरावे एका दिशेने जात नाहीत. २००३ या एकाच वर्षी दोन शोधनिबंध आले. एका गटाने स्क्रेपी झालेल्या हॅम्स्टरना तांबे दिले, तर रोग उशिरा दिसला. दुसऱ्या गटाने उंदरांना शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध दिले, तर तिथेही रोग उशिराच दिसला! प्रिऑन प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूत तांबे कमी असते, असे एका गटाने सांगितले. दुसऱ्या प्रयोगशाळेला तो फरक सापडला नाही. रुग्णाच्या मेंदूतील तांबे कमी झाले ते रोगाच्या आधी की रोगामुळे, हे मृत्यूनंतरच्या तपासणीतून ठरवता येत नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. १९८६ मध्ये तिथे ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला. सेंद्रिय पद्धतीने शेती करणारे पशुपालक मार्क पर्डी यांनी त्याचा दोष जनावरांच्या कातडीतील अळ्या मारण्यासाठी पाठीवर ओतल्या जाणाऱ्या फॉस्मेट या कीटकनाशकाला दिला. हे कीटकनाशक मेंदूतील तांबे बांधून टाकते, रिकाम्या जागी मँगनीज शिरते आणि प्रिऑनची घडी बिघडते, असा त्यांचा सिद्धान्त होता. पर्डी प्रामाणिक आणि जिद्दी होते. सामान्य शेतकऱ्याने सरकारी तज्ज्ञांना आव्हान द्यावे, याचे अनेकांना कौतुकही वाटले. पण निवाडा गोठ्यात झाला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांचा भुगा रवंथ करणाऱ्या जनावरांना खाऊ घालण्यावर जुलै १९८८ मध्ये बंदी आली. रोगाचा सुप्त काळ सुमारे पाच वर्षांचा असल्याने रुग्ण-गाईंची संख्या आणखी काही काळ वाढत राहिली, १९९२ मध्ये वर्षाला ३७ हजारांच्या आसपास पोहोचली आणि मग सरळ उतरू लागली. जनावरांच्या अंगातील तांबे किंवा मँगनीज बदलण्यासाठी कोणी काही केले नव्हते. बदलला तो चारा.

कारण सिद्ध करण्याची ही साधी कसोटी वैद्यकाला फार उपयोगी पडते : संशयित बाजूला केला, तर रोग हटतो का? या कसोटीवर तांबे काही ठिकाणी खरोखर दोषी ठरले आहे आणि त्यातला एक खटला महाराष्ट्रातच चालला. आपल्याकडे यकृत कठीण होऊन लहान मुले दगावण्याचा एक विशिष्ट आजार होता. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हे त्याचे नाव. या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह या मुलांना तान्हेपणी काय पाजले जात होते, याचा माग काढला आणि १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला. आईच्या दुधाऐवजी लवकर सुरू केलेले गाई-म्हशीचे दूध, आणि तेही कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले. भांड्यातले तांबे दुधात उतरत होते. पितळेची जागा स्टीलने घेतली, आयांना सल्ला मिळाला आणि हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. आजीबाई कल्हईवाल्याची वाट का पाहत, याचे उत्तर त्यात होते.

मेंदूच्या बाबतीत तांबे निर्विवाद दोषी ठरते ते विल्सनच्या आजारात. १९१२ मध्ये किनियर विल्सन यांनी त्याचे वर्णन केले. यात एका जनुकाच्या दोषामुळे यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात आणि मग मेंदूत साचते. बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात हात थरथरू लागतात, अक्षर बिघडते, बोलणे अडखळते, लाळ गळते, स्वभाव बदलतो. अभ्यासातली घसरण आळसाच्या खात्यावर जाते, चिडचिड वयाच्या खात्यावर, आणि कधी कधी बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारेही होतात. खरे तर रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्याच्या बाहुलीभोवतीचे तपकिरी कडे, एवढ्या तपासण्यांतून निदानाचा रस्ता खुला होतो. १९५६ पासून पेनिसिलामाइन आणि पुढे ट्रायएन्टीन व जस्त यांच्या साह्याने या रुग्णांना वर्षानुवर्षे चांगले आयुष्य मिळाले आहे. औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच रोग होतो. त्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांनी अधिक सावध असावे. एक मूल रुग्ण निघाले, तर त्याच्या प्रत्येक भावंडाची तपासणी झालीच पाहिजे, कारण त्यालाही रोग असण्याची शक्यता चारात एक असते आणि लक्षणांआधी उपचार सुरू झाले तर मेंदू वाचतो.

म्हणूनच धातू काढणाऱ्या औषधांचा सरसकट बाजार धोकादायक आहे. पेनिसिलामाइन विल्सनच्या रुग्णाला जीवदान देते. पण तेच औषध मूत्रपिंडाला आणि रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला इजा करू शकते. सीजेडीमध्ये ते माणसांना उपयोगी पडते, असा पुरावा नाही. क्विनाक्रिन आणि डॉक्सिसायक्लिन ही इतर औषधे रीतसर चाचण्यांत वापरून पाहिली गेली, पण रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. आता संशोधनाचा भर प्रिऑन प्रथिनाची निर्मितीच कमी करण्यावर आहे. हे प्रथिन मुळातच नसलेल्या उंदरांना स्क्रेपी होत नाही, हे १९९३ मध्येच दिसून आले आहे. त्या दिशेची औषधे माणसांवरील सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत आली आहेत. तिथून उद्या काही हाती लागेल, जाहिरातीतून नाही.

सीजेडीचा संशय असलेल्या रुग्णाच्या बाबतीत आधी करायचे काम वेगळेच आहे. काही आठवड्यांत स्मृती हरपणाऱ्या प्रत्येकाला सीजेडी नसतो. मेंदूचा क्षयरोग, स्वप्रतिकारशक्तीमुळे येणारी मेंदूची सूज, बी-१२ची कमतरता, थायरॉइडचे विकार, कवटीत साकळलेले रक्त हे सारे तसेच भासू शकतात आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. ते एकेक करून वगळल्याशिवाय असाध्य रोगाचा शिक्का मारू नये. निदान पक्के झाले, तर घरच्यांनी रुग्णाला हात लावायला, भरवायला, जवळ बसायला घाबरू नये. स्पर्शाने किंवा एकत्र राहण्याने हा रोग पसरत नाही. खबरदारी घ्यायची ती रुग्णालयांनी. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला प्रिऑन दाद देत नाहीत, त्यामुळे मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी संशय असल्यास तो लिहून ठेवणे आणि उपकरणे वेगळी काढणे बंधनकारक असायला हवे. अशा रुग्णांचे अवयव किंवा नेत्र दान करायचे नसतात, हेही कुटुंबाला वेळेत सांगितले पाहिजे.

राहिला तो घरातला तांब्याचा हंडा. रात्रभर त्यात ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात, हे प्रयोगांत दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील तांब्याची मर्यादा लिटरला दोन मिलिग्रॅम आहे. भांडे स्वच्छ असेल आणि त्यात फक्त साधे पाणी असेल, तर निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. ताक, लिंबू सरबत, आमसुलाचे सार मात्र त्यात ठेवू नये आणि घरात विल्सनचा रुग्ण असेल तर त्याच्यापुरता हा हंडा बाजूलाच बरा. त्या पाण्याने स्मरणशक्ती वाढत नाही आणि प्रिऑनही तयार होत नाहीत. पण वर्गात हुशार असलेल्या पोराचे अक्षर अचानक वेडेवाकडे होऊ लागले आणि पेला धरताना हात कापू लागला, तर तांब्याची चौकशी करावी : हंड्यातल्या नव्हे, त्याच्या शरीरातल्या.