जागा रयतेची, डाव कोणाचा?

पत्त्यांचे नाव काढले की आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. तीन पानांच्या पायी बैल विकले गेले, बायकोचे डोरले सावकाराकडे गेले, हे गावोगाव पाहिलेले आहे. परंतु ब्रिज हा खेळ त्या जातीचा नव्हे. चार माणसे, दोन जोड्या, बावन्न पाने. जोडीदाराची बोली ओळखावी, पडलेले पान ध्यानात ठेवावे, मग आपले टाकावे. स्पर्धेत तर एकदा वाटलेली पाने जशीच्या तशी सर्व टेबलांवर फिरवतात. म्हणजे पाने चांगली आली म्हणून अमका जिंकला, असे म्हणण्यास जागाच उरत नाही.

हा खेळ फक्त साहेबलोकांचा, हेही खोटे. मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचे खेडे आहे. १९६०च्या दशकात तेथे आलेल्या एका गुरांच्या डॉक्टराने शेतकऱ्यांस ब्रिज शिकवला. आजही तेथील कुणबाऊ माणसे शेतातून आली की डाव मांडतात. कुणब्याच्या डोक्यात हा खेळ शिरतो, हे सिद्ध झाले. प्रश्न उरतो तो बसावयास जागा कोण देतो एवढाच.

आमचा पुतण्या मुंबईच्या उपनगरातील एका क्लबात कामास आहे. संध्याकाळी टेबले मांडावी, पत्त्यांचे जोड ठेवावे, चहा द्यावा. पाहता पाहता पोरगा खेळ शिकला. गेल्या सुट्टीत आम्ही त्यास भेटावयास गेलो, तर दरवाजावरच आम्हांस अडवले. ‘सभासद आहात काय?’ पुतण्याने आमच्या कानात सांगितले, ‘काका, हे मैदान सार्वजनिक आहे.’ आम्ही विचारले, मग तू कधी खेळलास काय? तो हसला आणि ट्रे उचलून आत गेला. टेबलावर सर्वांस सारखी पाने वाटणारा हा खेळ. पण दरवाजावर मात्र जन्माची पाने पाहिली जातात!

ही जमीन आली कोठून, हे विचारावे. १९५० साली अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंड मुंबई महापालिकेत आली. त्याआधी येथे गावे होती. आगरी, कोळी, कुणबी, भंडारी यांची भातखाचरे होती. शहर वाढले, शेते गेली, आणि नकाशावर खेळाची मैदाने व बगिचे म्हणून काही तुकडे तेवढे राखले गेले. मग ‘सांभाळतो’ म्हणून त्यांतील कित्येक तुकडे खासगी संस्थांनी घेतले, आणि काहींवर क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने असे धोरण पुन्हा मंजूर केले. लोकांनी ओरड केली, तेव्हा मुख्यमंत्र्यांस त्यास स्थगिती द्यावी लागली. २०२३ साली तोच प्रकार नव्या मसुद्याने पुन्हा पुढे आला. राखणदार म्हणून ठेवावा आणि त्याने खळेच आपल्या नावावर करावे, अशातली ही गत!

क्लबवाले म्हणतील, देखभालीस पैसा लागतो. पालिकेच्या हाती दिले तर कचरा साठेल. पैसा लागतो, कबूल. अंधेरीचे शहाजीराजे क्रीडासंकुल आणि मुलुंडचे प्रियदर्शिनी क्रीडासंकुल पालिकेचेच प्रतिष्ठान चालवते; तेथेही शुल्क आहे, तक्रारीही आहेत, पण धनी कोण याविषयी कोणास भ्रम नाही. आणि ब्रिजला लागते किती? आठ टेबले म्हणजे बत्तीस माणसे. माणशी पन्नास रुपये घेतले तर एका संध्याकाळचे सोळाशे झाले. दिवाबत्ती, चहा, नवे पत्ते आणि टेबले मांडणाऱ्या पोराची मजुरी यांस तेवढे पुरावे. मग लाखांच्या प्रवेश फीचे प्रयोजन काय? खर्च भागवणे की आमच्यासारख्यांस बाहेर ठेवणे? १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीच्या खटल्यात सांगितले की पत्त्यांसाठी माफक आकार घेणे हा गुन्हा नव्हे. परंतु पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लब नफा कमावू लागला तर गोष्ट वेगळी. न्यायालयाने आकार व नफा यांत भेद केला. आमच्या क्लबांच्या कारभाऱ्यांस तो अजून कळावयाचा आहे.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. सार्वजनिक जमिनीवरील प्रत्येक क्लबाने जमिनीचा करार, अटी आणि वर्षाचा जमाखर्च मराठीत दरवाजावर लावावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी टेबलाचा आकार भरील त्यास, मग तो सुतार असो की भाजीवाली, खेळू द्यावे. आणि टेबले मांडणाऱ्यांचा एक माणूस कारभारी मंडळात घ्यावा.

बंधुभगिनींनो, नुसते हळहळून भागणार नाही. २००५ सालापासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज पालिकेच्या विभाग कार्यालयात टाका आणि विचारा : आमच्या वॉर्डातील मैदान कोणास दिले, किती वर्षांस दिले, कोणत्या अटींवर दिले? अर्ज लिहिता येत नसेल तर शाळेत या. आम्ही लिहून देऊ. आमच्या पुतण्याचा अर्ज आम्ही लिहिलाच आहे.