सावली आगीची, रंग हात राखून



लाकडावर जाळून काढलेल्या नक्षीची हौस हल्ली आपल्या भागातही चांगलीच रुजली आहे. वास्तुशांतीला दारावरची नावाची पाटी, रुखवतात मांडायला स्वस्तिक-कलशाची चौकी, स्वाध्यायाला शास्त्र ठेवायचा छोटा पाट. गरम टोकाच्या पेनाने लाकडावर रेघ उमटवायची, एवढंच त्याचं मूळ. पायरोग्राफी या शब्दाचा अर्थच आगीने लिहिणं. पेन फार महाग नाही, घरबसल्या करता येतं, चार पैसेही सुटतात. म्हणून सुना-मुली उत्साहाने शिकत आहेत, आणि मला त्याचं कौतुक आहे.

महिला मंडळात याबद्दल दोन प्रश्न नेहमी येतात. "शेडिंग नीट येत नाही, रंग कोणता लावू?" हा पहिला. दुसरा जरा हळू आवाजात विचारला जातो: "लाकूड जाळायचं म्हणजे आपल्याला चालतं का हो?" पहिला प्रश्न कलेचा आणि दुसरा धर्माचा असं समजून आपण दोन्ही वेगळे ठेवतो. माझं मत असं, की दोन्हींचं उत्तर एकच आहे. सावली आगीनेच द्यावी, रंग अगदी शेवटी आणि हात राखून लावावा, आणि वरून लाखेचं पॉलिश मारू नये.

आधी धर्माचं

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांची यादी आपल्याला माहीत आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ती सविस्तर आहे, आणि तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही खरकर्म म्हणून तिचा विचार आला आहे. त्या पंधरांत कोळसा पाडण्याचं अंगारकर्म आहे, झाडं तोडण्याचं वनकर्म आहे आणि लाखेचा व्यापार, म्हणजे लाक्षावाणिज्यही आहे. आता आपली ही छोटी पाटी पाहा. आग आली, लाकूड आलं, आणि पॉलिश मारलं की लाखही आली. पंधरांतल्या तिघांची सावली एका पाटीवर पडते. म्हणून जी बाई हळू आवाजात प्रश्न विचारते, ती भोळी नाही. तिचं बरोबर आहे.

पण तेवढ्यावरून कला सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही; सुटली असती तर चूलही पेटली नसती. संकल्पी हिंसा मात्र सोडायचीच, आणि बाकीची यत्नाने कमी करत जायची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यादी आहे ती पोट भरण्यासाठी जंगल तोडण्याची, कोळशाच्या भट्ट्या लावण्याची. सुताराकडे पडलेला वीतभर तुकडा घेऊन त्यावर कमळ काढणं त्याच मापाचं नाही. आग आणि लाकूड या कलेतून काढताच येत नाहीत, त्यामुळे तिथे यत्नाचार हवा. लाख मात्र सहज काढता येते. जे सहज टाळता येतं तेही आपण टाळलं नाही, तर बाकीच्या यत्नाला काय अर्थ?

शेडिंग म्हणजे तव्याची ओळख

शेडिंग जमत नाही म्हणून मुली रंगाकडे वळतात, खरी अडचण इथे आहे. पण ज्या बाईला भाकरी येते तिला शेडिंग येऊ शकतं. तवा कमी तापला तर भाकरी पांढरट राहते, जास्त तापला तर वरून करपते आणि आत कच्ची. पेनाचंही तसंच आहे. सावली तीन गोष्टींवर ठरते: टोक किती तापलं, हात किती वेगाने फिरला आणि दाब किती दिला. यातला दाब जवळजवळ नसावाच. दाबल्याने रंग गडद होतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात लाकडाला खड्डा पडतो. गडदपणा वेळाने येतो, जोराने नाही.

उष्णता कमी ठेवा आणि एकावर एक हात फिरवा. पहिला हात फिकट, बदामी. वाळू भाजल्यासारखा. दुसरा चहासारखा, तिसरा गुळासारखा, आणि काळा फक्त जिथे खरोखर हवा तिथेच. फिकट गडद करता येतं. गडद फिकट करायला लाकूडच घासून काढावं लागतं. आणि पोळीवर तूप फिरवताना जसा हात चालता असतानाच खाली येतो आणि चालता असतानाच वर उचलला जातो, तसंच पेन फिरवा. थांबून टेकवलं की तिथे काळा ठिपका बसलाच.

रेघेसाठी अणकुचीदार टोक, सावलीसाठी चमच्यासारखं गोल किंवा चपटं टोक. सलग सावली अवघड वाटली तर ठिपक्यांनी सुरुवात करा. जिथे अंधार तिथे ठिपके दाट, जिथे उजेड तिथे विरळ. रांगोळी काढणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. बारीक समांतर रेघांनीही तेच साधतं. टोकावर काजळी साचली की सावली मळकट येते, म्हणून ते मधूनमधून साफ करायचं.

सावली कुठे द्यायची हे आपल्या पायांतच आहे. हुपरीच्या पैंजणाकडे नीट पाहा. काळेपणा खोबणीत असतो, उठाव उजळ राहतो, म्हणून नक्षी दिसते. कमळाची एक पाकळी दुसरीच्या खाली जाते त्या सांध्यात सावली हवी, सगळ्या कडेने सारखी नको. मनाशी एक निरंजन डाव्या बाजूला ठेवलं आहे असं धरा आणि सगळ्या सावल्या उजवीकडे पडू द्या. अर्धं काम तिथेच होतं.

लाकूड फिकट आणि बारीक रेषेचं असावं. शिवण चांगलं, स्टीम बीचही चालतं. पाइनमध्ये राळ असते आणि रेषा एक मऊ एक टणक, त्यामुळे सावली पट्ट्यापट्ट्यांची येते. साग मुळातच गडद आणि तेलकट. दुकानात मिळणारे गुळगुळीत तयार गोल-चौकोन बहुतेक एमडीएफचे असतात. ते कधीही जाळू नका. त्यातला चिकट राळेचा धूर फुफ्फुसाला वाईट. रंग किंवा वॉर्निश लागलेलं जुनं लाकूडही नको. साध्या लाकडाचा धूरही थेट नाकात जाऊ देऊ नये. खिडकी उघडी ठेवून धूर आपल्यापासून दूर ओढेल असा छोटा पंखा लावावा.

यत्नाचार इथे कामाला येतो

लाकूड हातात घेतल्यावर आधी उन्हात धरून पाहा. बारीक भोकं दिसली, खाली पिठासारखी भुकटी पडली, तर आत कीड आहे. त्या तुकड्यावर पेन ठेवायचं नाही. तिथे त्रस जीव आहेत, एवढं कारण पुरे. शिवाय पोखरलेल्या लाकडावर सावली सरळ येतही नाही.

हे काम दिवसाच करावं. रात्री दिव्याभोवती चिलटं, पाखरं जमतात आणि तापलेलं टोक त्यांच्यासाठी मरणच. रात्रीच्या पिवळ्या उजेडात बदामी आणि तपकिरी यांतला फरकही कळत नाही. सकाळी पाहावं तर सगळं गडद झालेलं. चातुर्मासात तर मी पेन बंदच ठेवते. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, ओल्या लाकडावर डाग पडतात, आणि जीवोत्पत्तीही तेव्हाच जास्त. त्या चार महिन्यांत चित्रं कागदावर बसवावीत.

म्हणून मी म्हणते की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एक आहे. जिथे धर्म थांब म्हणतो, तिथे बहुतेक वेळा कलाही थांबच म्हणत असते.

रंगाचं आणि पॉलिशचं

रंगाला माझा विरोध नाही. सावंतवाडीची लाकडी फळं पाहून कुणाचं मन खुश होत नाही? पण तिथे रंगच सगळं काही आहे, लाकूड त्याच्या खाली झाकलेलं असतं. आपण जाळून नक्षी काढतो ती लाकूड आणि आग दिसावी म्हणून. त्यावर जाड लाल-हिरवा रंग फासला तर आधीची मेहनत कशाला केली?

रंग लावायचाच तर जाळणं पूर्ण झाल्यावर. रंगावर पेन फिरवलं तर विषारी धूर निघतो. पाण्याचा पातळ रंग किंवा रंगीत पेन्सिल घ्यावी, म्हणजे खालची सावली वरून दिसते. पातळ रंग लाकडाच्या रेषेने पसरतो. जाळलेली रेघ त्याला थोडा बांध घालते, पण ब्रश जवळजवळ कोरडाच हवा. कमळाच्या टोकाला गुलाबी छटा, पानाला किंचित हिरवी. तेवढ्याने काम होतं.

काळा रंग मात्र विकत घेऊच नका. आयव्हरी ब्लॅक म्हणून जो काळा रंग मिळतो तो हाडं जाळून केलेला असतो. डबीवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो, पीबीके ९ म्हणजे हाडांचा. पीबीके ७ काजळीचा आणि पीबीके ११ लोहाचा. लाल रंगात नॅचरल रेड ४ लिहिलं असेल तर तो कोचिनील किड्यांचा. एक किलो सुक्या कोचिनीलसाठी सुमारे दीड लाख किडे लागतात. ब्रशही खारीच्या किंवा डुकराच्या केसांचे असतात, नायलॉनचे मागून घ्या. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय आपण बिस्किट घेत नाही. मग शास्त्राच्या चौकीवर काय फासतो ते एकदा वाचायला काय हरकत?

आता लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे आपल्याभोवती राळेचं कवच करतात. ते कवच किड्यांसकट खरवडून, धुऊन, वितळवून चपडा होतो, आणि तोच स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश होतं. सुतार "पॉलिश करून देतो ताई" म्हणतो तेव्हा बरेचदा हेच असतं. आपल्याच रेल्वेच्या वाटेवर मिरज आहे. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांना चपड्याचं पॉलिश पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे, आणि त्यांच्या कलेकडे बोट दाखवायचं मला काही कारण नाही. पण आपल्या पाटीला सूर लावायचा नसतो. तिला धूळ आणि ओल यांपासून राखलं की झालं. त्यासाठी जवसाचं तेल पुरतं. पातळ हात, अर्ध्या तासाने पुसून घ्यायचं, आणि काही दिवस वाळू द्यायचं. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा. रंग लावला असेल तर पाण्याचं ॲक्रिलिक वॉर्निश बरं. मधमाशीच्या मेणाबद्दल वेगळं सांगायला नको.

काय काढावं, काय नको

णमोकार मंत्र लिहिलेल्या चहाच्या चकत्या, चावीच्या पट्ट्या विकायला येतात त्या मला पटत नाहीत. उष्ट्या कपाखाली किंवा खिशात मंत्र जाणं हा अविनयच. बसायच्या पाटावरही नको. जिनप्रतिमा जाळून काढू नये असंही मला वाटतं. भगवंताच्या मुखावर तापलेलं टोक ठेवायला माझा हात धजत नाही. अष्टमंगल आहेत, कलश आहे, कमळ आहे, वेल आहे. ते काढायला जन्म पुरणार नाही.

"पण रंगीतच खपतं हो," असं स्टॉल लावणाऱ्या मुली म्हणतात. खपतं, खरं आहे. त्यांच्या कमाईवर कुणाच्या फीचे पैसे अवलंबून असतील, तेही मी समजते. पण आपल्याच कुंभोजच्या बाहुबलीला १९६३ मध्ये बसवलेली २८ फुटी मूर्ती डोळ्यांसमोर आणा. पांढरा संगमरवर, रंगाचा एक थेंब नाही. सकाळचं ऊन एका बाजूने येतं, दंडावरच्या वेलींखाली सावली पडते, आणि माणूस हात जोडून उभा राहतो. तीच साधी पाटी शेजारी मांडा आणि गिऱ्हाइकाला सांगा की यात हाड नाही, किडा नाही, लाख नाही. आपल्या बायकांना हे सांगितलं तर त्या दोन पैसे जास्त देतील, एवढा विश्वास मला आपल्या समाजावर आहे. एकच सांभाळायला सांगा: जळकी नक्षी थेट उन्हात वर्षानुवर्षं टांगली तर फिकी पडते, म्हणून ती सावलीत लावावी.

पर्युषण झाल्यावर ज्यांना पेन हातात घ्यायचं असेल त्यांनी सुताराकडून आतापासूनच शिवणीचे तुकडे मागून ठेवा, आणि एका तुकड्यावर आधी नुसत्या पाच छटा काढा. बदामी ते काळा. त्या जमल्या की रंगाची डबी उघडायची गरज किती उरते ते तुमचं तुम्हालाच कळेल.