मोरी तुंबली की मनू आठवतो

भिंतीवर बाबासाहेब, कोनाड्यात बुद्ध आणि न्हाणीत घोट्याएवढं काळं पाणी. गोदीतनं चार दिवसांची रजा टाकून घरी आलो तर हे स्वागत. वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली की आमच्या मोरीतनं घाण वर यायची. पुढची वाट बंद झाली की वरच्याची घाण सगळ्यात खालच्याच्या घरात. हे कळायला या देशात इंजिनिअर लागत नाही.

काका म्हणाला, "मेहतराला बोलव. शे-दोनशे टाकले की उतरंल चेंबरात."

"कशाला, काका?"

"मग काय तू उतरणार?"

दोस्तांनो, त्या संध्याकाळी मला मनू भेटला. मठात नाही, देवळात नाही. आमच्याच उंबऱ्यात नाकाला टॉवेल लावून उभा होता. १९२७ साली महाडात बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं मांस खाऊ नका, उष्ट्या तुकड्यांवर जगू नका. १९५६ ला आपण धर्म टाकला, गावकीची कामं टाकली. बरं केलं. पण आपल्या डोक्यावरची टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं याला मुक्ती म्हणायचं? बाबासाहेब यालाच श्रेणीबद्ध विषमता म्हणत होते. प्रत्येकाला लाथ मारायला कोणीतरी खाली मिळतोच.

मी काकाला म्हणालो, कोणीच उतरायचं नाही. गोदीत जहाजाच्या बंद खणात हवा तपासल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम आहे. गटारात तर सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. तो वाढला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वायू. आणि तो दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो.

२०१३ च्या कायद्यानं संरक्षणाची साधनं न देता माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या खेपेलाच दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे महापालिकेला लागू, ठेकेदाराला लागू, काकालाही लागू. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला गटारातल्या मरणाची भरपाई दहा लाख ठरवली, २०२३ ला तीस लाख केली. मेल्यावरचा भाव वाढला. जिवंतपणी भाव शे-दोनशेच!

मग काय केलं? साऱ्या मजल्यांचे नळ बंद करवले. चेंबरचं झाकण लोखंडी पहारीनं उचललं, तोंड लांब ठेवलं, बिडी विझवली. चेंबर कोरडं असतं तर अडथळा घराच्या पायपात. भरलेलं असतं तर पुढच्या लाइनीत, तिथं महापालिकेचं यंत्रच पाहिजे. आमचं कोरडं निघालं. हातात मोजे चढवून बांबूच्या लांब कामट्या वरूनच पायपात सारल्या. तासाभरात बोळा सुटला: थिजलेलं तेल, केसांचा गुंता, दुधाच्या पिशव्या, एक फडकं. सारं आमच्याच बिल्डिंगीतलं. कुठल्या जातीची होती ती घाण?

याच शहराला सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून नहर दिली. गुलाम म्हणून विकलेला हबशी तो. हे शहर खडकी होतं, औरंगाबाद झालं, २०२३ ला छत्रपती संभाजीनगर झालं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपण १९७८ पासून १९९४ पर्यंत लढलो, रक्त सांडलं. नावं बदलली. झाकणाखाली कोण उतरणार, याचं उत्तर बदललं नाही.

म्हणून सांगतो. घरातली मोरी स्वतः साफ करा. लाइन तुंबली तर वॉर्ड ऑफिसात धडका, यंत्र मागा, माणूस मागू नका. आणि यंत्राऐवजी उघड्या अंगाचा माणूस पाठवला, तर घोषणा नंतर द्या. आधी त्या झाकणावर जाऊन उभे राहा.

जय भीम.