यादीतून नाव गेलं? शीटमध्ये नोंद असते, पण बघणार कोण?

नुकसानीच्या याद्या, योजनांचे अर्ज, बचत गटाचा हिशोब. गावातली अशी बरीच कामं आता गुगल शीटवर होतात आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. काम पटकन होतं, हे खरं. पण काल यादीत असलेलं नाव आज दिसलं नाही, की 'सिस्टीममधून गेलं' हे उत्तर ठरलेलं.

सिस्टीम आपणहून नाव काढत नाही. फिल्टरमुळे ओळ दडली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर कुणाचा तरी हात लागलेला असतो आणि त्याची नोंद शीटमध्ये राहते. कॉम्प्युटरवर शीट उघडून 'फाईल'मधल्या 'व्हर्जन हिस्टरी'त गेलं की कोणत्या खात्यावरून, किती तारखेला, किती वाजता बदल झाला ते दिसतं. जुनी यादी परतही आणता येते. एकाच चौकटीवर राईट क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' बघता येते, पण अख्खी ओळच उडवली असेल तर ते तिथं दिसत नाही. त्यासाठी व्हर्जन हिस्टरीच उघडावी लागते.

खरी अडचण पुढं आहे. ही हिस्टरी फक्त एडिटचा अधिकार असलेल्यालाच दिसते. नुसती यादी बघणाऱ्या शेतकऱ्याला नाही. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याच्याकडंच पुरावा. त्यातून 'लिंक असलेला कुणीही एडिट करू शकेल' अशी सेटिंग ठेवली, तर लॉगिन न करता बदल करणाऱ्याचं नाव येतच नाही, नुसतं 'अनॉनिमस' दिसतं. फाईलची नवी कॉपी काढली तर जुना इतिहास तिच्यात येत नाही. आणि साध्या फुकटच्या खात्यात यादी कुणी कुणी उघडून बघितली, हे कळत नाही. यादीत आधार आणि बँक खात्याचे नंबर असतील तर हा धोका मोठा आहे.

उपाय अवघड नाही. एडिटचा अधिकार दोन-तीन जणांना, त्यांच्या ईमेलवर नावानिशी द्यावा. बाकीच्यांना फक्त बघायला, तेही आधार-बँकेचे रकाने वगळून. तक्रार आली तर हिस्टरी ग्रामसभेत सगळ्यांसमोर उघडावी. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहितीही येते. त्यामुळं ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या यादीबद्दल लेखी अर्ज करता येतो.

कागदी रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर सही लागायची. शीटवर ती सही आपोआप होते, पण लिंक सगळ्यांना मोकळी सोडली की पुसूनही जाते.