नाव नको, वॅट विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुष्कळ घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. "अभ्यासाला हवा ना? मग घेऊ," असे वडील म्हणतात. मुले मान डोलावतात. मनात मात्र अभ्यासाबरोबर खेळही असतो. खेळ मनात असण्यात गैर काहीच नाही. पण अभ्यासाच्या यंत्राच्या गरजा वेगळ्या आणि खेळाच्या यंत्राच्या वेगळ्या. ही गोष्ट न बोलता खरेदी केली, तर घरातले साठ हजार रुपये खर्च होऊनही खेळ अडखळतो आणि मन खट्टू होते. म्हणून खेळासाठीही लॅपटॉप हवा असेल, तर घरी तसे सरळ सांगा. मग दुकानात जा, आणि तेथे यंत्राचे नाव ऐकून थांबू नका. त्याचे वॅट विचारा.

वॅट तर दिव्याचे आणि पंख्याचे विचारतात, लॅपटॉपचे कशाला, असे तुम्ही म्हणाल. एक साधे गणित करून पाहू या.

लॅपटॉपच्या पडद्यावर सामान्यतः आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० बिंदू होतात. खेळ सुरळीत दिसण्यासाठी सेकंदाला ६० चित्रे काढावी लागतात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंचा रंग ठरवायचा! सेकंदाला १४४ चित्रे हवी असतील, तर हा आकडा ३० कोटींच्या जवळ जातो. हे काम ग्राफिक्स चिप करते. आरटीएक्स ४०५० या लॅपटॉपच्या चिपमध्ये त्यासाठी आकडेमोड करणारे २५६० छोटे घटक असतात आणि ते सर्व एकाच वेळी राबतात.

राबायचे म्हणजे वीज खर्च करायची, आणि ही वीज शेवटी जवळजवळ सगळीच उष्णतेत बदलते. समजा, मुख्य प्रोसेसर ४५ वॅट आणि ग्राफिक्स चिप ७५ वॅट वीज घेते. बेरीज १२० वॅट. जुन्या तारेच्या दिव्यांचा हिशेब धरला, तर ६० वॅटचे दोन दिवे एका वहीएवढ्या बंद डब्यात तासन्‌तास जळत ठेवण्यासारखे झाले. ही उष्णता तांब्याच्या नळ्या आणि छोटे पंखे यांनी बाहेर टाकायची असते. ती पुरेशी बाहेर गेली नाही, तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. ऐन रंगात आलेला खेळ अडखळू लागतो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता नावाची गंमत पाहा. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव असले, तरी लॅपटॉप बनवणारी कंपनी ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वॅटवर चालवू शकते. पातळ लॅपटॉपमध्ये ती कमी वॅटवर चालते, जाडजूड लॅपटॉपमध्ये जास्त. पुढे चिकटवलेली पट्टी मात्र दोन्हींवर तीच! २०१७ साली एनव्हिडिया कंपनीने पातळ लॅपटॉपांतील कमी वॅटच्या चिपच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' असे शब्द जोडायला सुरुवात केली होती. निदान त्यावरून फरक कळत असे. २०२१ सालच्या चिपपासून नावापुढचे हे शब्द गेले. तेव्हापासून नुसत्या नावावरून ग्राहकाला काहीच ताडता येत नाही. माझ्या मते ही ग्राहकावर अन्याय करणारी पद्धत आहे. किराणा दुकानदाराने दोन पिशव्यांवर 'तांदूळ' एवढेच लिहावे आणि वजन लिहू नये, तसेच हे झाले.

मग सर्वांत जास्त वॅटचाच लॅपटॉप घ्यावा का? नाही, आणि याचे कारण विज्ञानातच आहे. चिपला लागणारी वीज तिच्या वेगावर आणि विद्युत दाबाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात असे धरले, तर वेग १.१ पट करण्यासाठी वीज १.१ × १.१ × १.१, म्हणजे सुमारे १.३३ पट लागते. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त वीज! उलट वेग वीस टक्के कमी केला, तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे जवळजवळ निम्म्याच विजेत काम भागते. अर्थात वरच्या टोकाचे वॅट महाग पडतात आणि त्यांतून मिळते थोडे. खालच्या टोकाला मात्र दाब आणखी कमी करता येत नाही, आणि तेथे वॅटबरोबर वेगही झपाट्याने घसरतो. म्हणून ज्याचे पैसे मोजके आहेत त्याने मधल्या वॅटचे, थोडे जाड आणि चांगली हवा खेळणारे यंत्र घ्यावे. मोठ्या नावाचे पण अंगाने सडपातळ यंत्र दिसायला देखणे असते. खेळायला बसल्यावर ते लवकर दमते.

दुकानदाराला वॅट ठाऊक नसतील तर काय करायचे? कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात ग्राफिक्सची कमाल शक्ती हा आकडा शोधा. तोही मिळाला नाही, तर लॅपटॉपचा अडॅप्टर उलटा करून त्यावरील बारीक अक्षरे वाचा. 'आउटपुट'पुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. शाळेत शिकलेले सूत्र येथे कामी येते. २० व्होल्ट आणि ९ अँपिअर असतील तर १८० वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असतील तर फक्त ६५ वॅट. ६५ वॅटच्या अडॅप्टरवर १२० वॅटचा खेळ फार वेळ चालणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? अडॅप्टरचा आकडा ही केवळ वरची मर्यादा आहे, हेही विसरू नका. त्यातूनच पडदा, पंखे आणि बॅटरी यांनाही वीज जाते.

बॅटरीवर तासन्‌तास खेळता येईल अशी आशाही ठेवू नका. ५० वॅट-तासांच्या बॅटरीतून १२० वॅट खेचले, तर ती २५ मिनिटांत रिकामी होईल. म्हणून बॅटरीवर असताना यंत्र आपले वॅट आपणच कमी करते आणि खेळही मंदावतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. चिप ९५ अंश सेल्सिअस आणि खोली २५ अंश असेल, तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला खोलीच ४२ अंशांवर गेली, तर फरक उरला ५३ अंशांचा. म्हणजे जे यंत्र थंड खोलीत १२० वॅट उष्णता बाहेर टाकत होते, ते तेवढ्याच पंख्यांनी आता सुमारे ९० वॅटच टाकू शकेल. एखाद्या परीक्षणात यंत्राची स्तुती वाचाल, तेव्हा ते कोणत्या तापमानाच्या खोलीत तपासले, हा प्रश्न मनात येऊ द्या.

कोणी म्हणेल, वॅट हेच सर्वस्व आहे काय? नाही. नव्या बनावटीची चिप तेवढ्याच वॅटमध्ये जुन्या चिपपेक्षा अधिक काम करते. म्हणून वॅटची तुलना एकाच नावाच्या चिपमध्ये करावी. स्मृतीही महत्त्वाची आहे. डीडीआर४-३२०० जातीची एक रॅम पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती वाहून नेऊ शकते, तशाच दोन पट्ट्या त्याच्या दुप्पट. स्वतंत्र ग्राफिक्स चिप नसलेल्या लॅपटॉपमध्ये तर हा फरक खेळात लगेच जाणवतो. म्हणून दुसऱ्या पट्टीसाठी जागा मोकळी आहे का, हे अवश्य विचारा. रॅम कायमची जोडून टाकलेली असेल, तर पुढे ती वाढवता येत नाही.

सर्वांत आधी ठरवायचे ते हे, की तुम्ही खेळणार काय. 'व्हॅलोरंट' हा खेळ २०२० साली आला, तेव्हा सेकंदाला १४४ हून अधिक चित्रांसाठी त्याच्या निर्मात्यांनी जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ सालचे कार्ड सुचवले होते. ज्याला असलाच एखादा खेळ मित्रांबरोबर खेळायचा आहे, त्याने महागड्या चिपसाठी घरच्यांना आणखी वीस हजारांचा खर्च का करायला लावावा?

शिक्षकांना एक विनंती आहे. विद्युत शक्तीचा धडा शिकवाल तेव्हा दोन-तीन लॅपटॉपचे अडॅप्टर वर्गात आणा आणि मुलांकडून त्यांचे वॅट काढून घ्या. फळ्यावरचे व्होल्ट गुणिले अँपिअर हे सूत्र मुले परीक्षेपुरते पाठ करतात. तेच सूत्र घरातले पैसे वाचवू शकते हे एकदा अनुभवले, की ते विसरायचे नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, लॅपटॉपची खरेदी हा बहुधा तुमच्यासाठी घरातून होणारा पहिला मोठा खर्च असेल. त्यामागे कोणाचा तरी बोनस असतो, कोणाची तरी भिशी असते. दुकानाच्या काचेमागे लाल-निळे दिवे लुकलुकत असतील, विक्रेता मोठमोठी नावे सांगत असेल. त्याचे सारे शांतपणे ऐकून घ्या, आणि मग अडॅप्टर हातात मागून घ्या.